खोकला थांबला म्हणून आम्ही खूश झालो

ताई, तुम्ही इथे लिहिलंत की तुमचे सासरे ६८ वर्षांचे, नाशिकला द्वारका चौकात स्कूटरवरून पडले, चार बरगड्या मोडल्या, छातीला पट्टा बांधून त्याच दिवशी घरी पाठवलं आणि आता ‘बाबा शांत पडून आहेत’. हे शेवटचं वाचलं आणि राहवेना. मी डॉक्टर नाही, सातपूरच्या कारखान्यात नोकरी करतो. तेवढं धरूनच वाचा.

आमचे वडील ७१ चे. पेठ रोडला बाइक घसरली. पहिल्या दिवशी कण्हत होते, खोकताना डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या दिवशी खोकला बंद. आई म्हणाली, उतार पडला. मीही मान डोलावली. खरं तर दुखतं म्हणून ते खोकला दाबत होते, श्वास वरवर घेत होते आणि बेडका आत साचत होता. ऑक्सिमीटर ९५ दाखवायचा, त्यावर आम्ही निर्धास्त! तिसऱ्या रात्री ताप, धाप. न्यूमोनिया. अकरा दिवस आयसीयू.

भरीस भर, वेदनाशामक गोळ्यांनी किडनी जाते असं वाटून मीच डोस गाळत होतो. आणि तो पट्टा! छाती आवळली की श्वास आणखी उथळ होतो, आता तो बांधू नये असं सांगतात, हे नंतर कळलं. ज्या दवाखान्यात आधी गेलो तिथे मेडिक्लेम आहे का हे तीनदा विचारलं. तीस वर्षांची बिडी आणि रक्त पातळ करायची गोळी, याबद्दल एकदाही नाही. पुढे छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की धोका याच गोष्टींवरून जोखतात: वय, तीन किंवा जास्त बरगड्या, फुफ्फुसाचा जुना आजार, रक्त पातळ करणारं औषध, रक्तातला ऑक्सिजन. शिवाय साध्या एक्स-रेत कितीतरी फ्रॅक्चर दिसतच नाहीत.

तुम्ही आत्ता सासऱ्यांना उठवून बसवा, छातीशी उशी धरून जोरात खोकायला सांगा. जमत नसेल, किंवा एक वाक्य बोलताना मध्येच दम लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका. पूर्ण मिनिटभर श्वास मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. मेडिकलमध्ये श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र मिळतं. ते फुंकायचं नाही, हवा आत ओढायची (आम्ही दोन दिवस फुंकत बसलो होतो). काल दोन चेंडू वर जात होते आणि आज एकच, तर मला वाटतं ऑक्सिमीटरपेक्षा ते आधी बोलतं. गोळ्या डॉक्टरांना विचारून घड्याळ लावून द्या. तरीही खोकता येत नसेल तर बरगडीच्या मज्जातंतूजवळ भूल देऊन तेवढाच भाग बधिर करता येतो का, हे स्पष्ट विचारा.

हो, आणि थंडी आहे म्हणून खोलीत शेगडी ठेवू नका. त्यांना सगळ्या गोळ्या कुठल्या चालू आहेत, तेही इथे लिहा.