भाड्याने फ्लॅट घ्यावा की स्वतंत्र घर?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला, घरात ३ वर्षांची मुलगी, एकीकडे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि दुसरीकडे छोटं अंगण असलेलं बैठं घर, भाडं जवळपास सारखंच, तर काय घ्यावं. मी दोन्हीकडे भाड्याने राहिलेली आहे म्हणून सांगते, खोल्या किती, हॉल केवढा हे जरा बाजूला ठेवा आणि आधी एवढंच ठरवा की घरात काही बिघडलं तर ते कोण बघणार आणि त्यासाठी तुमच्याकडे वेळ आहे का. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

फ्लॅटमध्ये पंप बंद पडला की सगळ्या बिल्डिंगचं पाणी जातं, मग कोणी ना कोणी लगेच फोनाफोनी करतं आणि माणूस बोलावला जातो, तुम्ही ऑफिसात असलात तरी काम होऊन जातं. बैठ्या घरात पंप फक्त तुमचा. टाकी साफ करून घेणं, ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तर ते बघणं, पावसाळ्याआधी गच्चीवरचा पालापाचोळा काढून पाणी जायचा पाइप मोकळा करणं (नाहीतर पाणी साचतं आणि छत गळायला लागतं), अंगणातलं गवत, बाहेरचा दिवा, हे सगळं तुमच्याच डोक्यावर. घरमालक कितीही चांगला असला तरी तुमचा फोन गेल्यावरच तो हलणार ना. काही जणांना असली कामं मनापासून आवडतात, त्यांनी बैठं घर जरूर घ्यावं, पण दोघंही संध्याकाळी दमून येणारे असाल तर हा विचार नीट करा.

आता खर्च. भाडं सारखं म्हणजे महिन्याचा खर्च सारखा असं समजू नका. फ्लॅटला मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा ते विचारा. आणि चौथ्या मजल्याच्या वर अजून मजला आहे का ते बघा, कारण मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटला वर-खाली दुसरी घरं असतात, उन्हाला आणि थंडीला एक-दोन भिंतीच सापडतात. बैठ्या घराच्या चारही भिंती आणि छत उघड्यावर. काँक्रीटचं छत दिवसभर तापतं आणि ती उष्णता संध्याकाळनंतर घरात सोडत बसतं, म्हणून रात्री झोपायच्या वेळी उकडतं, थंडीत उलट उघड्या भिंती-छतामुळे गारठा जाणवतो, आणि एसी किंवा हीटर जो काही लागेल त्याचं लाइटबिल वाढतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटलाही छताचा हाच त्रास असतो हं.

आवाजाचं लोक फार ढोबळ बोलतात, फ्लॅट म्हणजे गोंगाट वगैरे. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो, खिडकी-दार लावलं की बराच कमी होतो, पण वर कोणी धावलं किंवा खुर्ची ओढली तर तो आवाज स्लॅबमधूनच उतरतो, त्याला तुमच्या बाजूने फारसं काही करता येत नाही. म्हणून फ्लॅट बघायला संध्याकाळी जा, जेव्हा वरची मंडळी घरी असतील. आणि तुमची मुलगी घरात उड्या मारणार तेव्हा खालच्यांनाही तेच ऐकू जाणार, तिला सारखं 'हळू चाल' म्हणायला लागू नये असं वाटत असेल तर बैठं घर इथे सरळ जिंकतं.

बैठं घर बघताना ओल शोधाच. भिंतीचा पोपडा आणि पांढरे खारे डाग जमिनीलगत, साधारण १ मीटरच्या आत असतील तर बहुतेक वेळा पाणी जमिनीतून चढतंय आणि नुसत्या रंगाने ते जाणार नाही. डाग छताजवळ असेल तर गच्चीचं लिकेज, मधेच एके ठिकाणी असेल तर आतल्या पाइपचा संशय घ्या. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला दिलेला दिसला तर का दिला ते स्पष्ट विचारा, लाजू नका.

मुलीसाठी एक गोष्ट मात्र फ्लॅटमध्ये मी आधी बघेन, बाल्कनीचं रेलिंग. उभ्या गजांमधलं अंतर १० सेंमीपेक्षा कमी हवं आणि आडवे गज नकोत, मुलं त्यावर शिडीसारखी चढतात. जाळी बसवायला मालक तयार नसेल तर तो फ्लॅट सोडा, बाकी कितीही छान असला तरी. बैठ्या घरात फाटकाची कडी आणि जमिनीतल्या टाकीचं झाकण तेवढंच महत्त्वाचं.

एकंदर तुमची माहिती बघता, म्हणजे दोघंही दिवसभर बाहेर आणि दुरुस्तीला वेळ नाही, मी तुमच्या जागी फ्लॅट घेतला असता, रेलिंग ठीक असेल तर. अंगणाचा मोह फारच असेल तर ॲग्रीमेंटमध्ये पंप, टाकी, गच्ची, ड्रेनेज यातलं काय मालक करणार आणि किती दिवसात करणार ते एकेक लिहून घ्या, 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' एवढंच लिहिलेलं असेल तर किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत तो आकडा टाकायला लावा. सामान लावायच्या आधी सगळ्या भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, डिपॉझिट परत घेताना तेच कामाला येतात. दोन्ही घरं बघून आलात की ओल आणि बाल्कनीचं काय दिसलं ते इथे लिहा, मग अजून नेमकं सांगता येईल.