सराफ्यात आवाज कसा पकडायचा?

प्रश्न: आम्ही चौघी मैत्रिणी इंदूरच्या सराफ्यात (दिवसा दागिन्यांचा बाजार, रात्री खाऊगल्ली) कॉलेजसाठी फोनवर आठ मिनिटांची फिल्म करतोय. आजीचे संवाद हॉर्न आणि कढईच्या आवाजात बुडाले, दिव्यांखाली काळे पट्टेही सरकतात. काय करावं?

उत्तर: पट्ट्यांचा उपाय सोपा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि दिवे त्याच तालाने लुकलुकतात. फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, बहुतेक दिव्यांखाली पट्टे थांबतील.

आवाजाचं मात्र मन लावून ऐका, कारण मी स्वतः इथेच एक अख्खी रात्र वाया घालवली आहे. सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन खाऊची गर्दी जमली की तिथे संवाद घेऊ नका. आजीला फक्त चालू द्या, गरम जिलेबी खाऊ द्या. तिचं बोलणं पहाटे कृष्णपुरा छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी घ्या. कॉलर माइक पदरावर लावा, पदराखाली नको. कापड घासलं की शब्द जातो. आणि सराफ्याचा नुसता गलका दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा, संकलनात तो संवादाखाली हळू ठेवता येतो.

शूटिंगच्या परवानगीसाठी दुकानदाराला आदल्या दिवशी, गिऱ्हाईक नसताना भेटा. गर्दीच्या वेळी विचारलं तर नकारच येतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.