क्लास सोडायच्या आधी एकदा शोभनाचं काम बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. सिरियलमधे रोल मिळतोय, मनापासून अभिनंदन, खूप बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस की आता शूटिंग रोज असणार म्हणून भरतनाट्यम बंद करते, तसाही कॅमेऱ्यासमोर त्याचा काय उपयोग. ते मला अजिबात पटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मला तुला शोभनाबद्दल सांगायचंय, ती दाक्षिणात्य सिनेमातली नटी आणि भरतनाट्यम करणारी. तू २००७ चा भूल भुलैया पाहिलायस, विद्या बालनचा. तो ज्या मल्याळम सिनेमावरून आला तो १९९३ चा मणिचित्रताळ, दिग्दर्शक फाझिल, आणि त्यात शोभना. मधल्या काळात त्याचा कन्नडमधे आप्तमित्र झाला, तमिळमधे चंद्रमुखी झाला, सौंदर्या, ज्योतिका, विद्या, सगळ्या चांगल्या नट्या, सगळ्यांनी जीव लावून केलंय, तरी मला विचारशील तर मूळ कामाच्या जवळपासही कोणी पोचलं नाही.

त्यातला एक सीन बघ. गंगा ही कलकत्त्याहून नवऱ्याबरोबर त्याच्या जुन्या वाड्यात राहायला आलेली हसरी, गोड बाई. तिला दागिने घ्यायला बाहेर जायचंय आणि नवरा, म्हणजे सुरेश गोपी, नको म्हणतो. एवढंच. आणि मग आधी नजर थांबते, मान वेगळी वळते, श्वास बदलतो, आवाज बदलतो, मल्याळम बोलणारी बाई तमिळ बोलायला लागते, म्हणजे स्वतःला नागवल्ली नावाची जुन्या काळातली तमिळ नर्तकी समजायला लागते, आणि एका हाताने पलंग उचलते. भुताखेताचा मेकअप नाही काही नाही. आता तू मला सांग, एकाच बाईने एकाच जागी उभं राहून क्षणात दुसरी व्यक्ती होणं हे तुला क्लासमधे कोण शिकवतं? पदम, म्हणजे ते भावाभिनयाचं गाणं, करताना तूच नायिका, तूच सखी, तूच कृष्ण, ड्रेस तोच, फक्त मान आणि डोळे फिरले की माणूस बदलला पाहिजे. एकाहार्य अभिनय म्हणून जे घोटून घेतात ना तुमच्याकडून, तेच आहे हे. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती गं, आणि त्या रोलसाठी तिला नॅशनल अवॉर्ड मिळालं.

ती आली नाचाच्याच घरातून. ललिता, पद्मिनी, रागिणी या त्रावणकोर सिस्टर्सची भाची, त्यातली पद्मिनी आपल्याला राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'मुळे माहीत आहे. शिकली चित्रा विश्वेश्वरन आणि पद्मा सुब्रह्मण्यम यांच्याकडे. १९८४ मधे 'एप्रिल १८' या सिनेमात हिरोईन झाली तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. मग मल्याळम, तमिळ, तेलुगू, मोहनलाल, मामूट्टी, चिरंजीवी, १९९१ मधे मणिरत्नमच्या दळपतीत रजनीकांत, कामच काम. आणि नाच चालूच.

अजून एक गोष्ट, ही मला फार महत्त्वाची वाटते. मणिचित्रताळमधे आवाज शोभनाचा नाहीये. तेव्हा तिकडे हिरोईनला दुसऱ्या कोणीतरी डब करणं नेहमीचंच होतं. गंगाचा आवाज भाग्यलक्ष्मीचा, आणि नागवल्लीचे तमिळ संवाद दुर्गा नावाच्या डबिंग आर्टिस्टचे, पण लोक कित्येक वर्षं तेही भाग्यलक्ष्मीचेच समजत होते, पुढे खूप उशिरा स्वतः फाझिलनी सांगितलं तेव्हा दुर्गाचं नाव लोकांना कळलं. यात दोन गोष्टी धर. एक, आवाज दुसऱ्याचा असूनही अवॉर्ड मिळावं एवढं तिचं शरीर बोलत होतं, आणि ते शरीर रोजच्या अडवूंमधून, म्हणजे नाचाच्या मूळ पावलांच्या सरावातून तयार झालेलं होतं. दुसरी, तुझं कौतुक होईल तेव्हा त्यात कोणाकोणाचं काम आहे ते लक्षात ठेव आणि नावानिशी बोलून दाखव. साउंडवाले, मेकअप दादा, डायलॉग लिहिणारी मुलगी, पहिल्या दिवसापासून नावं पाठ कर.

आणि अवॉर्डनंतर काय केलं बघ. १९९४ मधे तिने चेन्नईत कलार्पणा ही नृत्यसंस्था काढली. पुढे सिनेमे कमी कमी होत गेले. २००२ मधे रेवतीने दिग्दर्शित केलेला 'मित्र, माय फ्रेंड' आला, त्यावर दुसरं नॅशनल अवॉर्ड. मल्याळममधे २०१३ च्या 'थिरा' या सिनेमानंतर ती एकदम २०२० मधे दिसली. सात वर्षं! सिरियलवाल्यांच्या जगात सात महिने दिसली नाहीस तर लोक विचारतात काय करतेस हल्ली. तिला त्याचं उत्तर देत बसायची वेळच आली नसेल, कारण ती शिकवत होती, कार्यक्रम करत होती, नाच बसवत होती. मग २०२५ मधे 'तुडरुम' या सिनेमात परत मोहनलालबरोबर, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि त्याच वर्षी पद्मभूषण. पद्मश्री २००६ लाच मिळालेली.

हे सगळं तुला जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाहीये. तिच्यामागे घराणं होतं, तुझ्या घरी कोणी या लाइनमधे नाही, तुला मुंबईत भाडं भरायचंय, त्यामुळे सिरियल सोड असं मी चुकूनही सांगणार नाही, घे, जरूर घे. पण रोल चॅनलच्या हातात असतो, टीआरपी पडला की ट्रॅक बंद, कॅरेक्टर परदेशात पाठवून देतात आणि तुला कधीकधी दोन दिवस आधी कळतं. नाच तुझ्याकडून असा कोणी काढून घेऊ शकत नाही.

तर असं कर. गुरूंना जाऊन स्पष्ट सांग की रोज जमणार नाही, आठवड्यातून दोन सकाळी चालेल का, त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही. कॉल टाइम, म्हणजे सेटवर बोलावलेली वेळ, उशिराची असेल त्या दिवशी घरीच अडवू कर, अर्धा तास का होईना. आणि प्रोडक्शनला आत्ताच, सही व्हायच्या आधी, सांगून ठेव की वर्षातून काही दिवस कार्यक्रमासाठी लागतील, नंतर कोणी ऐकत नाही. तारखा आणि पेमेंट किती दिवसांनी हे लेखी घे. कॉन्ट्रॅक्ट आलं की मला पाठव, मी वाचून कळवते, तोपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
ताई