चित्रलिपी म्हणावं की भावलिपी?

प्रश्न मालवणहून आला आहे. बंदरावर मालवणी, गोव्याची कोकणी, कन्नड, हिंदी सगळंच कानावर पडतं. प्रत्येकाला आपापल्या भाषेत वाचता येईल अशी चित्रांची लिपी बनवली, तर तिला ‘चित्रलिपी’च म्हणायचं का? आणि ती जमेल का?

नावाचं आधी उरकतो. माशाचं चित्र म्हणजे मासा, इतकंच असेल तर चित्रलिपी. पण ‘उद्या’चं किंवा ‘नको’चं चित्र कसं काढणार? तिथे सगळ्यांनी मिळून ठरवलेली खूण लागते. अशा खुणांची ती भावलिपी, आणि तुम्हाला हवी आहे ती हीच. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेली कातळशिल्पं मात्र या दोन्हींत बसत नाहीत. कशेळीचा हत्ती कितीही बोलका वाटला, तरी तो वाक्य म्हणून वाचता येत नाही. (‘कोकणची प्राचीन लिपी’ असले फॉरवर्ड फिरत असतात, म्हणून सांगून ठेवलं.)

भावलिपीची ताकद छोट्या वाक्यात दिसते. ‘मी’ची एक खूण, ‘नको’ची एक. मालवणी माणूस वाचेल ‘माका नको’, गोवेकर ‘म्हाका नाका’, कानडी खलाशी ‘ननगे बेडा’. आकडे तर रोजच असे वाचले जातात: 5 लिहिलं की आपण पाच म्हणतो, तो ऐदु. डोंगराची चिनी खूण चिनी माणूस ‘शान’ वाचतो, जपानी ‘यामा’.

शांघायमध्ये राहिलेल्या चार्ल्स ब्लिस यांना चिनी लिपीतूनच ही कल्पना सुचली. त्यांचा जन्म चेर्नोविट्सचा, म्हणजे जर्मन, रोमेनियन, युक्रेनियन, यिडिश एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गावचा. 1949 मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. क्रियापद ओळखू यावं म्हणून त्यात खुणेच्या डोक्यावर छोटी टोपी असते. जगाने तिच्यात पत्रव्यवहार काही केला नाही. पण 1971 पासून टोरांटोत बोलता न येणाऱ्या मुलांसाठी ती वापरात आली आणि तिथे ती खरोखर उपयोगी पडली. मला हे अपयश वाटत नाही.

अडतं ते वाक्य लांबलं की. ‘माणूस, मासा, खाणे’ अशा तीन खुणा ओळीने काढल्या, तर कोणी कोणाला खाल्लं? मराठीत ‘माणसाला माशाने खाल्लं’ म्हणा की ‘माशाने माणसाला’, अर्थ तोच राहतो. तो भार ‘ने’ आणि ‘ला’ उचलतात. खुणांना प्रत्यय नाहीत, म्हणजे क्रम तरी ठरवा किंवा प्रत्ययाची वेगळी खूण करा. दोन्हीकडे कोणत्या तरी एका भाषेचं व्याकरण गुपचूप आत शिरतंच. जपान्यांनी धातूला चिनी खुणा ठेवल्या आणि प्रत्ययांसाठी उच्चाराची अक्षरं घडवली. सोय झाली, पण ती त्यांच्या भाषेपुरती.

गावांची नावं त्याहून चिवट. देवगड सोपं वाटतं: एक देव, एक गड. मराठी माणूस बरोबर वाचेल. कानडी खलाशी मात्र ‘देवरु’ आणि ‘कोटे’ असं काही वाचून भलत्याच ठिकाणी होडी नेईल. नाव सांगायला उच्चार लागतो, आणि चित्र उच्चारासाठी वापरलं की ते सगळ्या भाषांचं उरत नाही. इजिप्तच्या चित्रांनाही शेवटी उच्चाराचं काम करावं लागलं होतं.

तेव्हा माझं मत: बर्फ, डिझेल, खराब हवामान, धक्का, दर, नको, उद्या एवढ्यापुरत्या खुणा करा, गावं आणि माणसांची नावं ज्याच्या त्याच्या अक्षरांतच राहू द्या. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांना मात्र दोन खुणा करा. हिंदीवाला दोन्ही ‘हम’ वाचेल, पण होडीत बसायचं की धक्क्यावर थांबायचं, हे मालवणी माणसाला त्यावरूनच कळतं.