पाळणाघरातून वेलनेस कोचिंगकडे जाताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

लहान मुलांमध्ये काढलेली वर्षं वाया गेली का, असं विचारलं आहेस. नाही गेली. पण त्यातली एक सवय वेलनेस कोचिंगच्या नव्या कामात, म्हणजे मोठ्या माणसाला स्वतःच्या सवयी बदलायला साथ देताना नडणार, आणि नेमकी ती तुझी सगळ्यात चांगली सवय आहे: समोरच्याची काळजी स्वतःच्या अंगावर घेणं. मूल जेवलं नाही तर ते बघणं तुझं काम. मोठा माणूस चालायला गेला नाही तर तो त्याचा प्रश्न, आणि उत्तरही त्यानेच काढायचं.

बालशिक्षणातून आलेल्यांची गाडी इथेच अडते. 'झोप लागत नाही' असं कुणी म्हणायचा अवकाश, की आपण पाच उपाय सांगून मोकळे. तो मान डोलावतो, वहीत उतरवून घेतो, आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरीच.

समज, तो म्हणाला, "रोज चालायचं ठरवतो, पण जमत नाही." तू म्हण, "चालणं महत्त्वाचं वाटतंय, पण दिवस हाताशी राहत नाही." आणि गप्प बस. मनात पाचपर्यंत मोज. पुढचं वाक्य बहुधा त्याचंच येतं. मग विचार, जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती? तो ४ म्हणाला, तर '७ का नाही' असं विचारू नकोस, तो सबबी मोजेल. '२ का नाही, ४ का?' असं विचार, म्हणजे आपल्या जमेच्या बाजू तो स्वतःच सांगेल. बोलण्याच्या या पद्धतीला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात; मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना मांडली. पुढे स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञासोबत ती वाढली. 'शाब्बास'ही आवर. त्याऐवजी "एवढ्या गडबडीतही तीन दिवस बाहेर पडलात" असं दिसलेलं तेवढंच बोल. मुलांच्या नोंदी करताना 'हट्टी आहे' न लिहिता 'दहा मिनिटं दाराशी उभा होता' असं लिहायची शिस्त तुला आहेच. ती इथे सोन्यासारखी.

२१ दिवसांत सवय लागते यावर विसंबू नकोस. फिलिपा लॅली या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ ते २५४. त्यामुळे चार सत्रांचं पॅकेज विकू नकोस. किमान तीन महिने ठेव, पहिला महिना दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याने.

प्रमाणपत्राचं म्हणशील तर आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या संस्थेचं एसीसी हे पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र: ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तास प्रत्यक्ष कोचिंग (त्यातले ७५ मोबदला घेऊन) आणि १० तास मेंटर कोचिंग (आपल्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन). अमेरिकेतल्या एनबीएचडब्ल्यूसी या हेल्थ आणि वेलनेस कोचिंगच्या मंडळाच्या प्रमाणपत्राला मान्यताप्राप्त प्रशिक्षण, किमान २० मिनिटांची ५० सत्रं आणि परीक्षा लागते. पदवी नसेल तर कुठल्याही क्षेत्रातला ४,००० तासांचा अनुभव चालतो, म्हणजे तुझं पाळणाघरही मोजलं जातं. अर्ज करण्याआधी ताजे नियम वाच. तारीख, मिनिटं, मोबदला घेतला की नाही, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव. मागाहून आठवून लिहिणाऱ्यांचे तास कधीच जुळत नाहीत.

नोकरी लगेच सोडू नकोस, आधी अर्धवेळ कर. पहिले ग्राहक म्हणून लहान मुलांचे दमलेले आईबाप तुला सहज कळतील, पण तुझ्याच वर्गातल्या मुलांचे पालक घेऊ नकोस. 'बाईंना हे सांगितलं तर पोराशी कशा वागतील?' या धास्तीने ते मोकळं बोलणार नाहीत, आणि गप्पा मुलावर घसरल्या की तू पुन्हा बाई होशील.

निदान, औषध, आहारतक्ता हे आपलं काम नाही. छातीत दुखणं, विनाकारण झपाट्याने घटणारं वजन किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं, तर सत्र तिथेच थांबवून योग्य माणसाकडे पाठव.

पहिली पाच सत्रं परवानगी घेऊन रेकॉर्ड कर आणि तुझं बोलणं किती मिनिटं झालं ते मोज. वीस मिनिटांपैकी दहाच्या वर गेलं असेल, तर ग्राहकाचं नावगाव काढून ते सत्र शब्दशः कागदावर उतरव आणि मला पाठव. कुठे गप्प बसायला हवं होतं, तिथे खुणा करून देईन.