सगळ्याला चालेल असं एकच घरगुती क्लीनर? आधी ओट्याचा दगड बघा

घरात रांगतं बाळ आहे म्हणून बाजारातली क्लीनर बंद करायची, संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम (साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेलं क्लीनर) करायचं आणि तेच ओटा, फरशी, भांडी, बाथरूम सगळीकडे वापरायचं, असं तुम्ही लिहिलंय. बायोएन्झाइम जरूर करा. सगळीकडे मात्र वापरू नका.

कारण ते आंबट असतं. लिंबू, व्हिनेगर, चिंच, आमसूल हेही त्यातलेच. आणि आपल्याकडे कितीतरी घरांत ओटा कडप्प्याचा आणि फरशी शहाबादी असते. हे दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरसुद्धा त्याच कुळातला. आम्ल लागलं की वरचा थर विरघळतो, तिथे फिकट डाग पडतो आणि तो कितीही पुसला तरी जात नाही, पॉलिशच करून घ्यावं लागतं. इथे रोज कोणीतरी ‘नैसर्गिक आहे, बिनधास्त वापरा’ असं सांगतं, ते वाचून मला फार वाईट वाटतं, कारण नुकसान एकदा झालं की झालं. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्सना ही भीती नाही. आपला दगड कोणता ते माहीत नसेल तर ओट्याच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, थोड्या वेळाने पुसा. चकाकी गेली असेल तर आंबट काहीही त्या ओट्यावर नको. तिथे कोमट पाणी आणि साधा साबण, तेलकट थर असेल तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा. एवढं पुरतं.

आता बायोएन्झाइमची कृती. 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी. संत्री, मोसंबी, लिंबू, कशाच्याही साली चालतात, सडक्या तेवढ्या नकोत. बाटली प्लास्टिकचीच घ्या, काचेची नको, आणि वर चांगली जागा मोकळी ठेवा. आत वायू तयार होतो, त्यामुळे पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून तो सोडावा लागतो. हे विसरलं तर बाटली फुटते. 3 महिन्यांनी गाळून घ्या. वास आंबटगोड यायला हवा. काळी बुरशी धरली किंवा कुजका वास आला तर सगळं टाकून द्या. टाइल्सची फरशी पुसायला बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घाला. गाळलेला चोथा कंपोस्टमध्ये जातो.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवायची कृती तुम्ही विचारली आहे. ती सोडून द्या. फेस दिसतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि खाली जवळपास खारट पाणीच उरतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत. सोडा तेलकटपणावर. बोअरच्या पाण्याने नळावर, शॉवरवर जमणाऱ्या पांढऱ्या थरावर आम्ल: कपभर गरम पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, फडकं भिजवून गुंडाळून ठेवायचं, मग घासून भरपूर पाण्याने धुवायचं. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या कढईला लावू नका, ती काळी पडते.

तांब्या-पितळेला आमसूल आणि मीठ यांना तोड नाही, फक्त धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा. रिठा मी भांड्यांपेक्षा रेशमी साड्या आणि लोकरीसाठी राखून ठेवते. त्याचं पाणी साबणासारखं अल्कधर्मी नसतं, म्हणून ते या धाग्यांना मानवतं. रिठ्याचं पाणी टिकत नाही, लागेल तेवढंच उकळा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

बाळासाठी दोन गोष्टी. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा ओट्यावर कच्चं चिकन कापलं असेल, तर जंतू मारायला बायोएन्झाइमच्या भरवशावर राहू नका. आधी साबणाने धुवा आणि मग बाजारातलं जंतुनाशक लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरा. पण ब्लीच असलेल्या कशातही व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि घरी केलेलं क्लीनर सरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत भरणार असाल तर नाव आणि तारीख लिहून वरच्या फळीवर ठेवा.

तुमचा ओटा कडप्प्याचा आहे की ग्रॅनाइटचा, ते कळवा. त्यावरून पुढचं सांगते.