कॅमेऱ्यासाठी नऊ लाखांचं कर्ज, आणि बिल्डरकडे अडकलेले साडेसात लाख

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३७ वर्षांचा. पुण्यात इंटिरिअर आणि रिअल इस्टेट फोटोग्राफी करतो. बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट, आर्किटेक्ट आणि डिझायनर मंडळींची पूर्ण झालेली घरं, अधूनमधून गोव्यातले व्हिला. वर्षाचं बिलिंग २४ लाख, वर जीएसटी. असिस्टंट, एडिटर, प्रवास जाऊन हाती १५ लाख उरतात. पत्नी शिक्षिका, पगार २८ हजार. मुलगी सात वर्षांची, वडील आमच्याकडेच असतात. घरभाडं २२ हजार. नवी फुल-फ्रेम बॉडी, २४ मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट लेन्स, व्हर्च्युअल टूरसाठी थ्री-डी कॅमेरा आणि ड्रोन असा ९ लाखांचा सेट घ्यायचाय. १५ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळतंय. काम दुप्पट होईल असा अंदाज आहे. घेऊ का? एका बिल्डरकडे साडेसात लाख येणं होतं, सगळ्यात जुनं बिल चौदा महिन्यांचं. पण ते आता त्याच्याच ताथवड्याच्या प्रोजेक्टमधल्या ६२ लाखांच्या फ्लॅटच्या बुकिंगमध्ये ॲडजस्ट होतंय. गेल्या आठवड्यात फॉर्मवर सही केली, त्यामुळे तो विषय मिटला. बाकी बँकेतून घेतलेला गॅरंटीड इन्कम प्लॅन आहे, वर्षाला दीड लाख, दोन हप्ते भरलेत.

उत्तर:

कॅमेऱ्याचं शेवटी बोलू. "तो विषय मिटला" हे वाचून मी तुम्हाला त्याच दिवशी ईमेल केली, कारण यात दिवस मोजावे लागतात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, नमुना वाटपपत्राप्रमाणे (अलॉटमेंट लेटर) बुकिंग पंधरा दिवसांत रद्द केलं तर कपात नाही. दोन महिने उलटले तर फ्लॅटच्या किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत कापता येतं, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वा लाख. तुमच्या हातात वाटपपत्र आहे की नुसता बुकिंग फॉर्म, त्यात रद्द करण्याचं कलम काय आहे, हे आजच बघा. आणि "बिलांपोटी आता काही येणं नाही" अशा अर्थाच्या कुठल्या कागदावर सही झाली असेल, तर त्याची प्रत घेऊन वकिलाकडे जा.

आता हिशेब. ६२ लाखांच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे साधारण ५० लाख. उरलेल्या साडेबारा लाखांत तुमचे साडेसात वळते झाले तरी पाच लाख खिशातून. मुद्रांक शुल्क सात टक्के, सव्वाचार-साडेचार लाख. बांधकाम चालू आहे म्हणून पाच टक्के जीएसटी, आणखी तीन लाख. नोंदणी फी वेगळी. थोडक्यात, साडेसात लाख वसूल करायला तुम्ही साडेबारा लाख रोख घालणार आणि वर ५० लाखांचं कर्ज डोक्यावर घेणार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४३ हजार. कॅमेऱ्याचा हप्ता ३१ हजार, पॉलिसीचे महिन्याला साडेबारा हजार. बेरीज ८६ हजारांच्या वर, आणि घरभाडं वेगळं. तुमची सव्वा लाखाची मिळकत तर अजून कर भरण्याआधीची आहे, आणि तीही बिलं वेळेवर आली तर.

"पझेशनपर्यंत ईएमआय बिल्डर भरणार आहे, आणि तोवर रेट ८० लाखांवर जाईल" असं तुम्ही पुढे लिहिलंय. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने हप्ता थांबवला की बँक तुम्हाला फोन करते आणि सिबिल तुमचं खराब होतं. नोएडा-गुरुग्राम पट्ट्यात याच पद्धतीने खूप कुटुंबं अडकली. प्रकरण इतकं गेलं की २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि बँकांचं साटंलोटं तपासायला सीबीआयला सांगितलं. आणि ज्याला फोटोग्राफरचे साडेसात लाख चौदा महिन्यांत जमले नाहीत, तो महिन्याला तुमचे ४३ हजार भरेल, हा विश्वास कुठून आला?

या ॲडजस्टमेंटमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत, त्या बिल्डर तुम्हाला सांगणार नाही. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ६२ लाखांचे दहा टक्के ६ लाख २० हजार. तुमचे साडेसात बारा टक्के होतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती जमीन आणि बांधकामावरच खर्चायची असते. तुमचे साडेसात लाख कागदावर "मिळाले", त्या खात्यात एक रुपया आला नाही. जाहिरात एजन्सी, ब्रोकर, टाइल्सवाला, सगळ्यांना असंच फ्लॅटमध्ये बसवलं असेल तर इमारत कोणाच्या पैशांनी उभी राहणार? महारेराच्या साइटवर या प्रोजेक्टची मूळ तारीख, घेतलेली मुदतवाढ आणि दर तिमाहीचा प्रगती अहवाल उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

खरं तर हे घर जगात कोणाला विकता येणार नसेल, तर ते तुम्हाला. सॅम्पल फ्लॅट तुम्हीच शूट केलाय. बेड मुद्दाम साडेपाच फुटांचा करून घेतलेला, वॉर्डरोबला खोली फुटभर, बेडरूमचं दार काढून ठेवलेलं, किचनच्या भिंतीच्या जागी काच. त्यात तुम्ही १६ मिलिमीटरची लेन्स लावून कोपऱ्यात पाठ टेकलीत, फ्लॅश छतावर मारलात, आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीत विसाव्या मजल्यावरून दिसणारी टेकडी बसवलीत. हे सगळं तुमच्याच पत्रात आहे, थोड्या अभिमानाने. कामात तुम्ही चोख आहात यात शंका नाही. पण आपणच सजवलेल्या फोटोला भुलून बुकिंग करणारा गिऱ्हाईक मला आजवर भेटला नव्हता.

मग साडेसात लाखांचं काय करायचं? ते मागायचे. तुम्ही पत्रात त्यांना "अडकलेले" म्हणता. माझ्या हिशेबात तुम्ही बिल्डरला चौदा महिने बिनव्याजी कर्ज दिलंय, आणि आता त्याच्याच पुढच्या प्रोजेक्टचे फोटो चांगले यावेत म्हणून स्वतः १५ टक्क्यांनी कर्ज काढताय. वर या बिलांवरचा एक लाख चौदा हजार जीएसटी तुम्ही केव्हाच सरकारला भरलाय. सेवेचं बिल फाडलं की तो द्यावा लागतो, गिऱ्हाईकाने पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही. ॲडजस्टमेंट झाली तर त्या उत्पन्नावर आयकरही लागेल, हातात दमडी न येता.

तुमच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे. बँकेने ओव्हरड्राफ्टच्या वेळी करून घ्यायला लावली आणि नंतर फाइलमध्ये पडली, असं लिहिलंय. ती बाहेर काढा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आजच्या दराने ते सोळा टक्क्यांच्या वर जातं. तुमचं कर्ज पंधराचं, तुमचं येणं सोळाचं. आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात आलेल्या तरतुदीनुसार मुदत चुकवलेलं असं बिल बिल्डरला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे मागणीचं पत्र मार्केटिंग हेडला पाठवू नका, तो तुम्हाला चहा पाजेल आणि पुढच्या महिन्याची तारीख देईल. थेट अकाउंट्सला आणि त्यांच्या सीएंना पाठवा. प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, उद्यम क्रमांक आणि आजपर्यंतचं व्याज असा एक पानाचा तक्ता जोडा. तीस दिवसांत हालचाल नाही झाली तर लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा.

त्याआधी तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावे भरलेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा तक्ता, उघडा. बिल्डरने या बिलांवर टीडीएस कापून भरला असेल, तर ती बिलं त्याने स्वतःच्या वहीत मान्य केलीत. उद्या "काम पसंत नव्हतं" म्हणणं त्याला जड जाईल. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, जुन्या बिलाची चौदा महिने गेलीत. साडेसातच्या जागी सहा लाख रोख आणि बाकीवर पाणी, अशी तडजोड पुढे आली तर मी घेईन. फ्लॅट घेणार नाही.

पुढच्या कामांसाठी दोन ओळी ठरवून टाका. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले फुल-रिझोल्यूशन फाइल देण्याआधी. तोवर वॉटरमार्क असलेले छोटे प्रीव्ह्यू. शिवाय पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट आपल्या कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा धरला जातो. म्हणून कोटेशनमध्येच लिहा की पूर्ण रक्कम मिळेपर्यंत हक्क माझ्याकडे. आज तुमचे फोटो हायवेच्या होर्डिंगवर झळकतायत आणि तुम्हाला ते उतरवायला सांगण्याचाही आधार नाही, कारण कोटेशन व्हॉट्सॲपवर दोन ओळींचं होतं.

आता तो गॅरंटीड प्लॅन. तुम्ही ओव्हरड्राफ्ट मागायला गेलात आणि पॉलिसी घेऊन आलात, हे बँकांमध्ये रोज घडतं, तरी दर वेळी चीड येते. महिन्याचं उत्पन्न वर-खाली होणाऱ्या माणसाला बारा वर्षं दीड लाख भरायची सक्ती! असल्या योजनांचा परतावा काढला की पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघतो. विमाछत्र बहुधा हप्त्याच्या दहापट, म्हणजे १५ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर त्यात घर वर्षभर चालेल. कंपनीकडून सरेंडर किंमत (आत्ता बंद केली तर हातात काय येईल) आणि पेड-अप किंमत (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी काय मिळेल) दोन्ही लेखी मागवा. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या पॉलिसींचे सरेंडर नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे बदललेत. तुमची पॉलिसी त्यात येते का ते विचारा. आकडे हातात आले की ठरवू, पण तिसरा हप्ता भरायच्या आधी. त्या पैशांतून दीड कोटींचा टर्म प्लॅन घ्या, सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला वीस-पंचवीस हजार, आणि चौघांचा आरोग्य विमा, वडिलांचा वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटीही राहिलेला नाही. पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून नसेल असं धरलंय.

कॅमेरा. कर्ज घेऊ नका. नऊ लाखांवर तीन वर्षांत सव्वादोन लाख व्याज, आणि काम दुप्पट होईल याला आधार काय? तुमचं काम लेन्सअभावी अडलेलं नाही, वसुलीअभावी अडलंय. टिल्ट-शिफ्ट दिवसाला दीड हजारांनी भाड्याने मिळते म्हणता. तिची खरी गरज आर्किटेक्टच्या कामात, भिंतींच्या उभ्या रेषा जागेवरच सरळ हव्यात तिथे. वर्षाचे असे चाळीस दिवस धरले तर साठ हजार. जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा होतो ते) जाऊन दोन लाखांना पडणारी लेन्स वसूल व्हायला तीन वर्षांच्या वर लागतील. तोवर भाडं शूटच्या बिलात लावा. थ्री-डी कॅमेऱ्याचंही तेच, एखादा क्लायंट वर्षाचं लेखी काम देत असेल तरच.

"बिलाशिवाय बारा टक्के स्वस्त" ही दुकानदाराची ऑफर सोडा. बिलासह २ लाख ३६ हजार, त्यातले ३६ हजार तुम्हाला क्रेडिट म्हणून परत. बिलाशिवाय २ लाख ८ हजार, परत काही नाही, वॉरंटी नाही, घसारा नाही, आणि चोरी झाली तर विमा कंपनीला दाखवायला कागद नाही. तुमच्या सध्याच्या उपकरणांचा विमा आहे का, तेही बघा.

ड्रोन यादीतून काढाच. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे तुम्हाला दाखवलेला माल कुठून आला ते विचारा. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, त्यामुळे पुण्यात उडवायचं तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघावा लागतो. शिवाय २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. सर्टिफिकेट असलेल्या पायलटला त्या दिवसापुरतं बोलवा आणि त्याचे पैसे बिल्डरकडून आगाऊ घ्या.